जुन्या लॅपटॉपचा आवाज बसलाय? नवा घेण्याआधी अर्धा तास द्या



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसं टाकायचं ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, सगळं चालतंय, वाय-फाय लागलं, प्रिंटर लागला, पण आवाजच येत नाही. आता काय?"

आज फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर. आवाज नाही म्हटलं की माणूस लगेच दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. एक, "हे फुकटचं सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही." दोन, "लॅपटॉप गेला, आता नवा घ्यावा लागणार." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, आणि दुसरा तर खिशाला चांगलाच जड पडतो. म्हणून आधी अर्धा तास द्या, आणि तो नीट क्रमाने द्या. क्रम कोणता, ते सांगतो.

आवाजाचा आणि धंद्याचा काय संबंध?

खूप आहे. आज गिऱ्हाईक टाइप करत नाही, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतं. "दादा, दोन किलो तूप ठेवा, आणि परवाच्यासारख्या पिशव्या नकोत." दुकानाच्या लॅपटॉपवर हे ऐकू आलं नाही तर ऑर्डर चुकते. तुम्ही ऑनलाइन क्लास घेणार असाल, सप्लायरशी व्हिडिओ कॉलवर माल बघून बोलणार असाल, आपल्या प्रॉडक्टचे छोटे व्हिडिओ बनवणार असाल, तर आवाज आणि माइक याच्याशिवाय तो लॅपटॉप म्हणजे नुसता टाइपरायटर.

आता जुना लॅपटॉपच का, तेही बघू. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक यादीतला नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीची बहुतेक मशिन्स त्या यादीत बसत नाहीत. मशीन वाईट नाही, फक्त यादीबाहेर गेलं आहे. त्यात एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा, लिनक्स मिंट बसवा, आणि बिलं, हिशोबाच्या शीट, इंटरनेट, व्हिडिओ कॉल ही कामं ते आरामात करतं. सॉफ्टवेअरचे पैसे शून्य. केरळमधल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तेव्हा हा काही हौशी लोकांचा खेळ नाही.

एक सूचना मात्र आधीच देतो. तुमचं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल, तर लिनक्स टाकण्याआधी त्याचा विचार करा. नंतर करू नका.

हिशोब साधा आहे. समजा जुनं मशीन एसएसडीसकट १०,००० रुपयांत उभं राहतं आणि नवं ३५,००० ला पडतं. मधले २५,००० म्हणजे नवीन धंद्याला कुणाचं दोन-तीन महिन्यांचं भाडं, कुणाचा पहिला माल. हा पैसा फक्त "आवाज येत नाही" म्हणून जाणार असेल, तर आधी आवाज का येत नाही हे कळलं पाहिजे.

आवाज कुठून कुठे जातो?

घरी नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच बोअर मारत नाही. आधी तोटी बघतो, मग गच्चीवरची टाकी, मग खालचा व्हॉल्व्ह. आवाजाचंही तसंच आहे.

व्हिडिओ लावला की आवाज आधी ॲपमधून निघतो, म्हणजे ब्राउझर किंवा प्लेयरमधून. तिथून तो साउंड सर्व्हरकडे जातो. कोणत्या ॲपचा आवाज कोणत्या स्पीकरला पाठवायचा हे हा सर्व्हर ठरवतो. लिनक्स मिंट २१ पर्यंत हे काम पल्सऑडिओ करायचं, मिंट २२ पासून पाइपवायर करतं. त्याच्या खाली अल्सा असतं. हा लिनक्सच्या गाभ्यातलाच, म्हणजे कर्नलमधला, ड्रायव्हरचा भाग. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नल २.६ पासून तोच मुख्य आहे. अल्सा मदरबोर्डवरच्या साउंड चिपशी बोलतं, आणि चिपमधून आवाज स्पीकरला किंवा हेडफोनच्या जॅकला जातो.

ॲप, सर्व्हर, ड्रायव्हर, चिप, स्पीकर. पाच ठिकाणं. यातल्या एकाही ठिकाणी तोटी बंद असली तरी शेवटी परिणाम एकच, आवाज नाही. म्हणून "आवाज येत नाही" हे फक्त लक्षण झालं. कारण शोधायचं तर एकेक ठिकाण तपासावं लागतं, आणि सुरुवात सगळ्यात सोप्या, बिनखर्चाच्या ठिकाणापासून करायची.

इथे आणखी एक गोष्ट. इंटरनेटवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले भरपूर सापडतात. "पल्सऑडिओ काढून टाका", "ही फाइल पुसून टाका" वगैरे. ते त्या काळच्या रचनेसाठी होते. आजच्या मिंटवर तेच केलंत तर चालू असलेलं बंद पडेल. सल्ला वाचताना आधी वर्ष बघा.

पायरी १: कॉम्प्युटरला हात न लावता (५ मिनिटं)

कीबोर्डवरचं म्यूटचं बटण बघा. काही लॅपटॉपवर त्याला छोटा दिवा असतो. हेडफोन लावून बघा. हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकरमध्ये येत नाही, तर ॲप, सर्व्हर, ड्रायव्हर, चिप हे सगळं ठीक आहे. अर्धं काम इथेच झालं. जॅकमध्ये टॉर्च मारून बघा. धूळ बसलेली असेल किंवा पिन अडकून तुटली असेल, तर लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे, आणि तो स्पीकर बंद ठेवतो.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता स्लीपला टाकू नका. एक मिनिट थांबून परत चालू करा.

पायरी २: साउंड सेटिंग (५ मिनिटं)

मेन्यूमध्ये जाऊन साउंड उघडा. आउटपुटमध्ये उपकरणांची यादी दिसेल. इथे बहुतेक जण फसतात. यादीत एचडीएमआय निवडलेलं असतं, म्हणजे आवाज टीव्हीकडे निघालाय, आणि टीव्ही तर लावलेलाच नाही! बिल्ट-इन ऑडिओ ॲनालॉग निवडा आणि टेस्टचं बटण दाबा.

हे होतं का? तर इंटेलच्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे साधारण २०१३ ते २०१५ च्या लॅपटॉपमध्ये, एचडीएमआयचा आवाज हे वेगळं साउंड कार्ड म्हणून दिसतं, आणि बऱ्याचदा तेच पहिल्या नंबरला येतं. खरं स्पीकरचं कार्ड दुसऱ्या नंबरला. सेकंडहँड बाजारात नेमकी याच वर्षांची मशिन्स भरपूर आहेत, म्हणून ही तक्रारही भरपूर.

त्याच खिडकीत ॲप्लिकेशन्सचा भाग आहे. ब्राउझर एकटाच म्यूट आहे का ते तिथे कळतं.

इथे काम झालं नाही तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हे छोटं ॲप घ्या. नाव पल्सऑडिओचं असलं तरी पाइपवायरवरही ते चालतं. त्यात शेवटच्या कॉन्फिगरेशन भागात प्रोफाइल ऑफ असेल, तर ते ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स करा. डुप्लेक्स म्हणजे स्पीकर आणि माइक दोन्ही.

पायरी ३: अल्सामिक्सर (५ मिनिटं)

आता टर्मिनल उघडायचा आहे. घाबरायचं काही नाही, एकच शब्द लिहायचा आहे, अल्सामिक्सर. इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये जागा नाही. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे.

उभ्या पट्ट्या दिसतील. एफ ६ दाबून आपलं कार्ड निवडा, एचडीएमआयवालं नको. पट्टीखाली एमएम दिसलं तर ती म्यूट आहे. बाणाने त्या पट्टीवर जा आणि एम दाबा, दोन शून्यं येतील, म्हणजे तोटी उघडली. वरच्या बाणाने आवाज वाढवा. मास्टर, स्पीकर, हेडफोन या तिन्ही पट्ट्या बघा. सेटिंगमध्ये मास्टर चालू आणि इथे स्पीकर म्यूट, असं अनेकदा निघतं.

उजवीकडे ऑटो-म्यूट मोड दिसला तर तो डिसेबल्ड करून बघा. जॅक खराब झाल्यामुळे स्पीकर गप्प बसला असेल, तर तो इथे बोलायला लागतो. माइकसाठी एफ ४ दाबा, कॅप्चरच्या पट्ट्या दिसतात. स्पेसबारने माइक चालू होतो.

पायरी ४: कॉम्प्युटरला कार्ड दिसतं तरी का? (१० मिनिटं)

सेटिंगमध्ये यादीत फक्त डमी आउटपुट दिसत असेल, तर वरच्या पायऱ्यांचा उपयोग नाही. सिस्टिमला कार्डच सापडलेलं नाही. अशा वेळी तीन गोष्टी करा.

एक, लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये जाऊन ऑडिओ डिसेबल्ड तर नाही ना, बघा. ऑफिसातून निघालेल्या मशिन्समध्ये तो कधी कधी बंद केलेला असतो.

दोन, ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं त्याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करा आणि इन्स्टॉल न करता आवाज वाजवून बघा. पेनड्राइव्हवर वाजलं, तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि गडबड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. इथेही वाजलं नाही, तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअर.

तीन, अपडेट मॅनेजरमध्ये व्ह्यू मेन्यूत लिनक्स कर्नल्स असं मिळेल. तिथून दुसरं कर्नल टाकून रीस्टार्ट करा. जुनं कर्नल तसंच राहतं, त्यामुळे जमलं नाही तर मागे येता येतं.

एका ताईंची गोष्ट

आमच्या प्रशिक्षणाला आलेल्या एक ताई शिवणक्लास चालवतात. त्यांना बाहेरगावच्या बायकांना ब्लाउजचं कटिंग ऑनलाइन शिकवायचं होतं. घरात पाहुण्यांकडून आलेला २०१४ चा लॅपटॉप होता, भाच्याने मिंट टाकून दिलं होतं. पण आवाज नाही. त्यांनी बचत गटात ३०,००० च्या कर्जाचा विषय मांडून ठेवला होता, नव्या लॅपटॉपसाठी. जाता जाता मला विचारलं, "दादा, कुठला घेऊ?"

मी म्हटलं, आधी जुना घेऊन या.

दुसऱ्या पायरीलाच एचडीएमआय सापडलं. भाच्याने टीव्हीला लावून सिनेमा बघितला होता, निवड तिथेच राहिली होती. ॲनालॉग केलं, स्पीकर वाजला. मग माइक. ताईंनी मुलाच्या कॉम्प्युटरचा दोन पिनांचा हेडफोन आणला होता, हिरवी पिन ऐकायची, गुलाबी बोलायची. या लॅपटॉपला मात्र एकच जॅक, मोबाइलसारखा. हिरवी पिन लावली तर ऐकू येतं, गुलाबीला जागाच नाही. त्यांच्या पर्समध्ये मोबाइलचे माइकवाले इअरफोन होते. त्याच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे माइकही त्याच पिनमध्ये. ते लावले, इनपुटमध्ये हेडसेट मायक्रोफोन निवडला, आणि ताई बोलल्या तशी पट्टी हलायला लागली.

वीस मिनिटं, खर्च शून्य. गटाचं कर्ज त्यांनी नंतर घेतलं, पण ओव्हरलॉक मशीनसाठी. त्या मशीनवर काम येतं आणि त्या कामातून हप्ता जातो. लॅपटॉपच्या हप्त्याला तो आधार नसता.

अर्ध्या तासाने थांबायचं

वरच्या चार पायऱ्यांची मिनिटं मोजा. पंचवीस होतात. पाच मिनिटं जास्तीची धरा. अर्ध्या तासात आवाज आला नाही, तर थांबा.

हे सगळ्यात अवघड आहे. कारण माणसाला वाटतं, "इतका वेळ घातलाय, आता सोडायचं कसं?" बीबीएला आम्हाला याचं नाव शिकवलं होतं, बुडीत खर्च. गेलेला अर्धा तास परत येत नाही. पुढच्या तासात काय मिळणार, एवढंच विचारायचं. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक समोर आहे, आणि मालक टर्मिनलमध्ये डोकं घालून बसलाय, असा धंदा होत नाही.

मग पर्याय काय? यूएसबी साउंड कार्ड. पेनड्राइव्हएवढं असतं, एक बाजू यूएसबीत, दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माइकचे जॅक. साधं कार्ड दोन-तीनशे रुपयांपासून मिळतं. यातली बहुतेक कार्डं यूएसबी ऑडिओच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे बनतात, म्हणून लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लावा, आउटपुट आणि इनपुटमध्ये निवडा, झालं. आतली चिप जळाली असू दे, जॅक तुटला असू दे, त्याच्याशी या कार्डाला देणंघेणं नाही.

ब्लूटूथ हेडफोनही चालतो, पण क्लास घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ब्लूटूथवर माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाज बऱ्याचदा टेलिफोनसारखा बारीक होतो. तो लॅपटॉपचा दोष नाही, कॉलसाठी ब्लूटूथ वेगळ्या प्रोफाइलवर जातं म्हणून तसं होतं. शिकवायला वायरवाला हेडफोन बरा.

हाच तुमचा धंदा असेल तर

तुमच्यापैकी काही जणांना जुने लॅपटॉप तयार करून विकायचे आहेत. त्यांच्यासाठी तीन गोष्टी.

घेताना: पेनड्राइव्ह खिशात ठेवा. पैसे देण्याआधी त्यावरून मशीन चालू करा, स्पीकर वाजवा, हेडफोन लावा, माइकवर बोला. इंटेलच्या बे ट्रेल किंवा चेरी ट्रेल ॲटम प्रोसेसरचे छोटे, स्वस्त लॅपटॉप दिसले तर जास्तच काळजी घ्या. त्यांची आवाजाची रचना वेगळी असते आणि लिनक्सवर ती त्रास देते.

दुरुस्त करताना: एक वही करा. मॉडेल, साउंड चिपचं नाव, काय बिघडलं होतं, कशाने सुटलं, किती मिनिटं लागली. पंचवीस-तीस मशिन्सनंतर ही वही तुमचं भांडवल होते. तेच मॉडेल परत आलं की अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर येतं. नवीन मुलगा कामावर ठेवला तर त्याला शिकवायलाही तीच वही.

देताना: गिऱ्हाइकासमोर चार गोष्टी करून दाखवा. गाणं वाजवा, आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवा, एक व्हिडिओ कॉल लावा, आणि मग रीस्टार्ट करून गाणं परत वाजवा. शेवटची गोष्ट टाळू नका, कारण दुकानात चालणारं सेटिंग रीस्टार्टनंतर उडालं की तक्रार घरून येते. बिलात मजुरी वेगळी लिहा, यूएसबी कार्ड लावलं असेल तर सामान वेगळं लिहा. आतला साउंड चालत नाही आणि बाहेरचं कार्ड लावलंय, हे तोंडी सांगा आणि बिलावरही लिहून द्या. लपवलं तर एक गिऱ्हाईक जातं आणि जाताना आणखी चार घेऊन जातं.

या आठवड्याचा गृहपाठ

घरात, नातेवाइकांकडे, दुकानाच्या माळ्यावर एखादा लॅपटॉप "आवाज नाही" म्हणून पडलेला असेलच. तो काढा, पुसा, चार्जिंगला लावा. घड्याळ लावून या चार पायऱ्या करा आणि कोणत्या पायरीला आवाज आला ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आला नाही तरी लिहा, आणि यूएसबी कार्ड लावून मशीन कामाला लावा.

पुढच्या व्हिडिओत याच लॅपटॉपवर ऑनलाइन क्लासचं पहिलं लेक्चर कसं रेकॉर्ड करायचं ते बघणार आहोत. तोपर्यंत तुमचा आवाज सुरू झालेला असू दे!